दोन हात खोल

फिलू, दफनाआधी चर्चमध्ये तुझ्या मिस्साला फादर म्हणाले, "फिलोमिना मॅडमनी आयुष्यात कधी कुणावर आवाज चढवला नाही." मी मागच्या बाकावर बसले होते. मला असा ठसका लागला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं, हुंदका. एकीने रुमाल पुढे केला. मी तो घेतला. हसू दाबतेय असं मयताच्या मिस्सात कुणाला सांगणार?

आवाज चढवला नाही म्हणे! तू केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तोंड सोडलंस की भिंतीपलीकडे माझ्या फिजिक्सच्या लॅबमधली पोरं लंबक मोजायचं थांबवायची. "मॅडम, शेजारी काय झालं?" "काही नाही, संशोधन चाललंय. तुम्ही तुमचे झोके मोजा," मी सांगायचे. मग आठवड्याभरात तू पोरांसाठी घरची केळी घेऊन यायचीस आणि पोरं सगळं विसरायची.

फादरांचीही चूक नाही. गेलेल्या माणसाबद्दल खरं बोलायची पद्धत तुमच्यात नाही आणि आमच्यातही नाही. मला मात्र ती खोटं बोलायची कला कधी साधली नाही. बहुधा म्हणूनच जाता जाता तू ते एक काम माझ्या गळ्यात घातलंस. ते कसं झालं हे तुला कळवायला हवं, म्हणून लिहायला बसलेय. रडगाणं गायला नाही.

काम तुझ्या आईचं, माझ्या मावशींचं. दफनानंतर पुढच्या आठवड्यात मी वाडीत गेले, तर मावशींनी क्रूसाखालच्या फळीवरून एक बाटली उचलून माझ्यापुढे धरली. तीच, तुझी काळी बाटली. फळीवर मेणबत्ती जळत होती. म्हणजे बाटलीलाही प्रार्थना मिळत होती.

"बाय, हे औषध माज्या पोरीनं सोताच्या हातानं केलेलं," मावशी म्हणाल्या. "कॅन्सरचं. मग तिलाच का नाय दिलं कोनी?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. तूच बजावून ठेवलं होतंस. तरी मावशींच्या तोंडून तो ऐकला आणि माझी बोलती बंद झाली. माझी! तू असतीस तर दिवस साजरा केला असतास.

पण क्रमाने सांगते, नाहीतर तू मध्येच टोकशील.

या सगळ्याची सुरुवात अर्नाळ्याच्या वाळूत झाली. गॅदरिंगच्या दिवशी कॉलेजचा लाउडस्पीकर फाटला होता आणि त्याचं कडं, म्हणजे मागचं चुंबक, मी काढून ठेवलं होतं. तू ते मागून घेतलंस, मला लूनाच्या मागे बसवलंस आणि थेट किनाऱ्यावर नेलंस. तिथे ते चुंबक रुमालात गुंडाळून वाळूतून ओढायला लागलीस. बोंबील वाळत घालणारी एक बाई दुरून ओरडली, "काय गो मास्तरनी, सोन्याचं काय हरवलं का?" तू चुंबक वर उचललंस तर त्याला बारीक काळ्या रेतीची दाढी फुटलेली. "हे बघ सोनं," तू त्या बाईला म्हणालीस. ती कपाळावर हात मारून पुन्हा बोंबलांकडे वळली.

मग तिथेच वाळूत बसून तू मला समजावलंस. ही रेती म्हणजे लोखंडाचा गंज म्हण. हीच इतकी बारीक केली की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाही, तर ती पाण्यात तरंगते आणि रक्तातूनही जाऊ शकते. तिच्या अंगाला कॅन्सरचं औषध चिकटवायचं आणि शिरेतून सोडायचं. बाहेरून, जिथे गाठ असेल तिथे, चुंबक धरायचं. कण तिथे गोळा होतील आणि औषध तिथेच उतरेल. परदेशात यावर काम चाललं होतं आणि तुला कुठून कुठून छापील लेखांच्या झेरॉक्स मिळत होत्या.

"आणि आता काय करतात?" मी विचारलं.

"आता? आता एका घरचं टपाल सगळ्या गावाला वाटतात," तू म्हणालीस. "बाबांचा रोग गळ्यात, आणि केस गेले डोक्यावरचे, नखं काळी पडली पायाची. औषध गळ्यात किती पोचलं देव जाणे."

एवढंच बोललीस. तुझ्या बाबांना जाऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. मी फक्त चुंबक झटकून पिशवीत टाकलं आणि आपण परत निघालो. सांत्वन करायला मला आजही येत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तुझ्या लॅबमध्ये येऊन बसायला लागले, ते त्यासाठीच. कधी बोलले नाही, आता सांगते.

तुझ्या लॅबमधला पंखा बंद असायचा आणि अमोनियाने डोळ्यांतून पाणी यायचं. लोखंडाच्या क्षारांच्या पिवळट पाण्यात तू अमोनिया ओतलास की एका क्षणात सगळं शाईसारखं काळं व्हायचं. दर वेळी तू "आहा!" म्हणायचीस, जसं काही पहिल्यांदाच होतंय. मग ते धू धू धुवायचं, लिंबात असतं त्या आम्लाचा थर त्या कणांवर चढवायचा आणि पुन्हा धुवायचं. खरं औषध आपल्या कॉलेजात कोण येऊ देणार? औषधाच्या जागी तू एक निळा रंग चिकटवायचीस. सलाइनच्या नळीतून पाणी सोडायचं, सुईने त्यात काळं सोडायचं, आणि नळीच्या मध्यावर माझं चुंबक. पाणी वाहून जायचं आणि काळं तिथेच थांबायचं. ते पहिल्यांदा थांबलं तेव्हा तू मला एवढी घट्ट मिठी मारलीस की माझा चष्मा वाकला.

आणि त्याच संध्याकाळी आपलं भांडण सुरू झालं. ते तू जाईपर्यंत चाललं.

मी म्हटलं, "फिलू, नळी ठीक आहे. माणूस नळी नाही. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने पडतो. गाठ कातडीजवळ असेल तर हे चालेल. खोल असेल तर नाही."

"मग मोठं चुंबक आण, परबबाई."

"मोठं चुंबक सगळ्याच अंगाला ओढतं. ते खोलात एका जागी काहीच धरत नाही. बाहेरून ओढशील तर कण कातडीकडेच येतील."

"तू रोपाला पाणी घालायच्या आधीच त्याचं मरण सांगतेस," तू म्हणालीस. मग मी शब्द सोडून दिले आणि हात पुढे केला. बाटली टेबलावर आडवी ठेवली, तिच्यावर माझा पंजा पालथा ठेवला आणि त्यावर चुंबक धरलं. खालचं काळं पाणी काचेच्या वरच्या अंगाला चढलं. "हा तुझ्या बाबांचा गळा," मी म्हटलं. "एक हात. इथे तुझं बरोबर आहे." मग तुझा पंजा माझ्या पंजावर ठेवायला लावला आणि चुंबक त्याच्यावर. काळं जागचं हललं नाही. थरथरलं म्हण हवं तर. "आणि हे पोट. दोन हात."

तू बराच वेळ खाली वाकून बघत राहिलीस. तुझा हात थंड होता, अमोनियाने खरखरीत झालेला. मग म्हणालीस, "मोठं चुंबक आण."

कुत्र्याचं शेपूट! त्यानंतर किती वेळा आपण हातावर हात ठेवले असतील. नवा घाट, म्हणजे काळ्याची नवी खेप, केलास की हात, मी नवं चुंबक आणलं की हात. शिपाई आपल्याला बघून म्हणायचा, मॅडम लोक भोंडला खेळतात. दोन हातांना थोडं काळं वर सरकलं की तू नाचायचीस आणि मी म्हणायचे, सरकणं वेगळं, गोळा होणं वेगळं. खरं सांगू? तुझ्याशी भांडायला मिळतं म्हणून मी कॉलेजात यायचे. बाकी त्या नोकरीत तेच लंबक आणि तेच झोके.

मग पाण्याची गोष्ट. त्या उन्हाळ्यात रोज लोडशेडिंग. आपलं ऊर्ध्वपातनाचं यंत्र थंड पडलेलं आणि धुवायला शुद्ध पाणी नाही. दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं. तू घरून कॅन भरून आणलास, तुमच्या बावखलाचं पाणी. बाबांनी गाळ उपसलेलं, काठाला केळी असलेलं, अख्ख्या वाडीला पुरणारं तुमचं ते तळं. "यापेक्षा शुद्ध काय असणार? लहानपणापासून पितोय," तू म्हणालीस. केमिस्ट्रीची बाई हे बोलते! पण वसईच्या माणसाला आपल्या घरचं पाणी गोड म्हणजे शुद्धच वाटतं. तिथे पदवी उपयोगाची नाही.

आणि घाट बिघडला. चहाचा चोथा बसतो तसे तुझे कण तळाला जाऊन बसले. तू आम्लाला दोष दिलास, अमोनियाच्या बाटलीला दिलास, माझ्या चुंबकांनी लांबूनच ओढलं म्हणालीस. पुन्हा केलास आणि पुन्हा चोथा. शेवटी मी म्हटलं, "फिलू, क्षार आहेत त्यात. तुमचं बावखल मचूळ झालंय. टँकरवाले रात्रंदिवस उपसतात, खालून खाडी आत आली असणार."

तेव्हा तू जे ओरडलीस! "तुमच्या नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगा आमचं पाणी पितात आणि वर त्याला नावं ठेवतात! तुझ्या घरच्या हंड्यात कुणाचं पाणी आहे, विचार त्या टँकरवाल्याला!" खोटं नव्हतं ते. आमच्या सोसायटीचा टँकर तुमच्याच बाजूने यायचा. पण म्हणून खारं पाणी गोड होत नाही, आणि ते मी बोलूनही टाकलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तू बोलणं टाकलंस. मधल्या भिंतीपलीकडून काचेचा आवाजसुद्धा येईना. ते दिवस मला फार जड गेले.

मग एका सकाळी तू माझ्या टेबलावर प्लास्टिकचा एक डबा आणून आपटलास. "बॅटरीवाल्याकडचं. गाडीच्या बॅटरीत घालतात ते. आता तरी समाधान?" त्या पाण्यात धुतलेला घाट टिकला. एक कण खाली बसला नाही. तीच ती मावशींची बाटली. ती उन्हाकडे धरून तू म्हणालीस, "बाबा गेले तेव्हा बावखल गोड होतं." खरं बोलून झालं होतं, आणखी काय बोलायचं?

ती बाटली तू घरी नेलीस आणि आईला सांगितलंस, "हे बाबांसारख्या माणसांसाठी." रंग-बिंग, नळी-बिळी काही नाही सांगितलंस. तिथेच मेख होती, बाई.

आणि मग तुझं पोट. आधी अॅसिडिटी, मग काविळीसारखं काहीतरी, मग मुंबईचं हॉस्पिटल, मग स्वादुपिंड. तो शब्द मी तुझ्याच तोंडून ऐकला. तू तो सिलॅबसमधला असल्यासारखा उच्चारलास. इंजेक्शनं सुरू झाली, केस गेले आणि तोंड आतून सोललं. "बघ परबबाई," तू म्हणालीस, "पुन्हा सगळ्या गावाला टपाल."

भेटायला येणारा प्रत्येक जण खोटं बोलून जायचा. तुझा भाऊ म्हणायचा, पुढच्या महिन्यात घरी. विद्यार्थी म्हणायचे, मॅडम, लॅब वाट बघतेय. फादर म्हणायचे, देवाची इच्छा असेल तर. त्यातल्या त्यात फादर बरे. त्या दुपारी तू मावशींना शहाळं आणायला खाली पाठवलंस, चादर सरकवलीस आणि माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवलास.

"किती हात?" तू विचारलंस.

मी तेव्हा खिडकीकडे बघू शकले असते. पाणी देऊ का, असं विचारू शकले असते. पण तू मलाच विचारत होतीस, दुसऱ्या कुणाला नाही.

"दोन," मी म्हटलं. "तू बारीक झालीस, दीड म्हण."

"दीड हाताला काय होतं?"

"हलतं. गोळा होत नाही."

"म्हणजे माझं औषध असतं तरी नाही."

"नाही, फिलू."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, संपलं, मी हिला मारलं. मग तुझ्या ओठांचा कोपरा हलला. "मोठं चुंबक आण," तू म्हणालीस आणि हसायला लागलीस. ते हसू तुला दुखत होतं, तरी थांबेना. मी मात्र हसले नाही. वॉर्डातल्या त्या निळ्या चादरीवर मी डोकं टेकलं आणि रडले. तेवढंच एकदा. तू माझे केस कुरवाळत होतीस, सलाइनची सुई सांभाळून.

मग तू काम सांगितलंस. "आईला वाटतंय मी हाय खाल्ली. घरात औषध असून मी ते घेत नाही, म्हणजे मला जगायचंच नाही, असं तिच्या डोक्यात बसलंय. बाबांकडे जायची घाई झालीय पोरीला, असं शेजारणीकडे बोलली. मी समजावलं तर म्हणते, खोटं बोलतेस. नंतर तू सांग तिला. तुझ्या तोंडात साखर नाही हे तिला माहीत आहे, तुझं पटेल."

"नंतर" हा शब्द तू इतका सहज वापरलास की मी "बरं" म्हणून गेले.

तर आता त्या दिवसाचं. मावशी बाटली हातात धरून उभ्या होत्या. मी आधी सोपं करायला गेले. म्हटलं, "मावशी, यात औषध नाहीच. निळा रंग आहे. औषध घालायचं पुढे राहिलं."

"मग घालायचं व्हतं," मावशी म्हणाल्या. "तुम्ही येवढ्या शिकलेल्या दोगी."

त्या खाली बसल्या, बाटली मांडीवर. "माजी पोर मला सोडून जायला बघत व्हती का बाय? खरं सांग. तू खरं बोलतेस."

मी पिशवीतून चुंबक काढलं. हो, नेलं होतं बरोबर. तेच, लाउडस्पीकरचं, अर्नाळ्याच्या वाळूतलं. मावशींच्या चटईवर बाटली आडवी ठेवली. इतकी वर्षं झाली, पण खाली काही बसलेलं नव्हतं, फिलू. कडेपर्यंत एकसारखं काळं. पाण्यातल्या क्षारांचं मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, पण ते राहू दे.

मी माझा पंजा बाटलीवर ठेवला आणि वर चुंबक. काळं चढलं. मावशींनी "येसू!" म्हणून छातीवर क्रूस काढला. "हे कळलं?" मी म्हटलं. "हे बाबांचं होतं. गळ्यातलं. वरच्यावर. बाबांना याचा उपयोग झाला असता." त्या पुढे सरकल्या. "आता तुमचा हात द्या."

त्यांनी हात माझ्या हातावर ठेवला. म्हातारा, फुलं गुंफून गुंफून बोटांना घट्टे पडलेला हात. तुझा असायचा, बरोब्बर त्या जागी. मी वरून चुंबक धरलं. काळं जागचं हललं नाही. मावशी चटईवर वाकल्या, पार गाल टेकेपर्यंत, आणि बघत राहिल्या. तू वाकायचीस तशाच.

"फिलूचं इतकं खोल होतं," मी म्हटलं. "तिला माहीत होतं. मी सांगितलं होतं तिला. म्हणून नाही घेतलं. जायचं नव्हतं तिला, मावशी. शेवटपर्यंत भांडत होती माझ्याशी."

बाहेर कुणाची तरी मोटार चालू होती, बावखलातून पाणी खेचत. मावशी उठून बसल्या. पदराने डोळे पुसले, बाटलीही पुसली. मला वाटलं, पटलं. काम झालं. मी चुंबक पिशवीत टाकायला घेतलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. ते काळं कडं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, त्याचं वजन पाहिलं.

"बाय," त्यांनी विचारलं, "यापेक्षा मोठं नाय भेटलं?"

तुला मी याचं उत्तर दर वेळी दिलं, फिलू. चिडून दिलं, फळ्यावर आकृती काढून दिलं. ते सगळं मला तोंडपाठ होतं.

"नाही भेटलं, मावशी," मी म्हटलं.